बकुळाची गाडी मिसिंग मारते

नवऱ्याच्या, बाबल्याच्या, शर्टाची एक बाही साबण लावून झाली होती, दुसरी अजून कोरडी होती, तेवढ्यात बकुळाचा ब्रश थांबला. वळणापलीकडून आवाज येत होता. फट्, फट्, फुस्स. फट्, फट्, फुस्स. एकाच पायात चप्पल घालून कुणीतरी जिना चढतंय असा.

"आली भवानी," ती म्हणाली आणि शर्ट बादलीत टाकून उठली.

ही भवानी म्हणजे त्यांची पिकअप, अलोऱ्याच्या एका केटररकडून घेतलेली, जुनी. त्याने मागच्या फळीवर हिरव्या ठसठशीत अक्षरांत 'शुद्ध शाकाहारी' रंगवून घेतलं होतं. बकुळाने ते पुसलं नाही. "रंग चांगला हाय. आणि बांगड्यांना काय वाचता येतं?" असं म्हणाली. त्यामुळे जयगडचे मासे रोज शुद्ध शाकाहारी होऊन देवरूखला जात.

गाडी यायच्या आधीचं तिचं आयुष्य एस्टीच्या मागच्या सीटवर गेलं. टोपली पायाशी, आणि आजूबाजूला नाकाला रुमाल लावलेली माणसं. त्यातली निम्मी बाजारात उतरल्यावर तिच्याचकडे भाव करायला यायची. एक कंडक्टर तिला रोज खाली उतरवायची धमकी द्यायचा आणि चार बांगडे पिशवीत पडले की रोज विसरायचा. म्हणून पिकअप दारात आली त्या दिवशी बकुळा पुढच्या सीटवर बसून अख्खा गाव फिरली. जायचं कुठेच नव्हतं. लोकांनी बघावं, एवढंच.

गाडीची पूजाही तिने आपल्या मताने केली. लोक टायरापुढे नारळ फोडतात. तिला ते पटेना. "टायर म्हंजे गाडीच्या चपला. देवीचं तीर्थ चपलेवर ओततं का कोण?" या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. तिने सीट उचलायला लावली आणि नारळाचं पाणी थेट इंजिनाच्या माथ्यावर ओतलं.

गुरव म्हणाला, "बाय, यंत्र हाय ते."

"आणि देवी काय हाडामासाची हाय? तिच्यावर ओततोसच ना?"

गुरवाने आरती उरकली.

थोड्याच दिवसांत गाडी मिसिंग मारू लागली. चालता चालता इंजिन मधेच एखादा ठोका गिळायचं, चढावर हिसके द्यायचं, आणि निवळीच्या घाटात तर असं दमायचं की मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवण्याऐवजी हात जोडायचे. दर खेपेला बकुळा देवळात जायची, गाऱ्हाणं घालायची आणि येताना आणखी एका नारळाचं पाणी इंजिनाला पाजायची. मग दोन दिवस गाडी जास्तच बिघडायची, नंतर जरा सुधारायची. "बघा," ती बाबल्याला म्हणायची, "आधी परीक्षा घेतली, मग पावली."

आज मात्र देवी परीक्षेच्याच मूडमध्ये होती. बाबल्या गाडीतून उतरला तो घाम पुसतच.

"बकुळे, जेटीवरनं इथवर येताना तीनदा बंद पडली गो. घाट काय चढत नाय ही."

मागे बर्फात बांगडे होते, कोळंबी होती. आणि देवरूखला गोदाताई होत्या. त्यांची खानावळ रोजचा मासा बकुळाकडून घेई. बाजारात सुटी विक्री होई ती वर. काल गोदाताईंनी सरळच सांगितलं होतं, "आठवडाभर तुझी वाट बघत मसाला करपवतेय मी. अजून एकदा उशीर झाला, तर मालनकडून मासा लावीन." मालन भाड्याच्या टेम्पोने येई आणि भर बाजारात विचारी, "मालकीणबाई, आज गाडीने तुम्हाला आणलं की तुम्ही गाडीला?" खानावळ सुटली तर पिकअप परवडायची नाही. म्हणजे पुन्हा ती एस्टी, पुन्हा ते रुमाल.

"संदेशकडे घ्या," बकुळा म्हणाली.

संदेशचं गॅरेज वाटेवरच्या चाफे गावात. संदेश हुशार होता, पण त्याची हुशारी आधी तोंडात यायची, हातात मागाहून. त्याने दुरूनच कान लावला.

"पेट्रोल खराब, काकी."

"मागल्या खेपेला फिल्टर खराब होता. त्याच्याआधी रस्ता खराब होता. मेल्या, तुझ्याकडं चांगलं काय हाय?"

"असं आवाजावरनं कळतं आमाला."

"मग कळलं का नाय आजवर? टोपलीत एक मासा कुजला तर सगळी टोपली वास मारते. मी काय टोपली बदलते? एकेक उचलून बघते. तूपण एकेक बघ."

संदेशने तोंड वाकडं केलं, पण सीट उचलली. इंजिन चालू ठेवलं. तीन सिलिंडर, प्रत्येकावर ठिणगी देणारी एक कॉइल. कॉइलची पिन काढली की तेवढं सिलिंडर बंद. पहिली पिन काढली तशी गाडी धडाधडा हलू लागली. ती लावली, दुसरी काढली. गाडी बंदच पडायला आली. तिसरी काढली. काहीच झालं नाही. फट्, फट्, फुस्स चालूच.

"सापडला!" संदेश ओरडला. "हा मेलेलाच हाय. असला काय, नसला काय, फरकच नाय."

"आमच्या घरातपण एक हाय तसला," बकुळा म्हणाली.

बाबल्या बिडी शोधण्याच्या निमित्ताने गाडीमागे गेला.

कॉइल खराब असेल म्हणून संदेशने दुसऱ्याची तिसऱ्याला आणि तिसऱ्याची दुसऱ्याला लावून पाहिली. दुसरं नीट चालत राहिलं, तिसरं तसंच मेलेलं. मग त्याने प्लगच्या खड्ड्यात बॅटरी मारली आणि त्याचा चेहरा उतरला. खड्ड्यात पाणी होतं. प्लगवर हिरवट-पांढरा थर.

"काकी, बसा जरा."

"बसते कसली? बर्फ वितळतोय. बोल."

"इंजिनाचं पाणी आत आलंय. सगळं उघडायला लागेल. पंधरा दिवस धरा."

बाबल्या मागूनच म्हणाला, "मेलो!"

बकुळाने हातातल्या फडक्याचं टोक खड्ड्यात बुडवलं आणि नाकाशी नेलं. कल्ला न उघडता मासा कालचा की आजचा हे सांगणारं नाक ते. पाणी आंबलेलं होतं. गोडसर आंबलेलं.

तिला एका क्षणात सगळं कळलं. गुरव कळला, परीक्षा कळली, पावणं कळलं. गप्प राहणंही जमण्यासारखं होतं. दोष इंजिनाचा, दोष अलोऱ्याच्या केटररचा; पंधरा दिवस गाडी उघडी पडली असती आणि बकुळाची अक्कल झाकली राहिली असती. फक्त खानावळ मालनकडे गेली असती.

"काय उघडू नको," ती म्हणाली. "इंजिनाचं नाय हे पाणी."

"मग कसलं?"

"देवीचं."

संदेशने वास घेतला. मग बाबल्याने घेतला. दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

"काकी, किती नारळ?"

"देवाचं मोजायचं नसतं. आणि हसायचं तर नंतर हस, आधी हात चालव."

तिसऱ्या कॉइलचं रबर चिरलेलं होतं, म्हणून तीर्थ नेमकं तिथेच उतरत होतं. संदेशने हवा मारून खड्डा सुकवला, नवा प्लग बसवला, रबर बदललं. किल्ली फिरवली. इंजिन एका सुरात बोलू लागलं. हसू मात्र कोणालाच आवरलं नाही, आणि सगळ्यात मोठ्याने बाबल्या हसला. त्याला बऱ्याच वर्षांनी संधी मिळाली होती.

घाटात बकुळा डॅशबोर्डवरच्या देवीच्या फोटोशी हळूच बोलत होती. "तुझं चुकलं नाय, माझंच चुकलं. पण तूपण जरा सांगायचं होतंस. आता तू वरून बघ, आत उतरू नको." गाडीने एकही हिसका दिला नाही.

दोघं देवरूखला पोचली तेव्हा खानावळीत पंगत बसली होती. ताटात मालनचे बांगडे होते.

"उशीर, बकुळा," गोदाताई म्हणाल्या.

"झाला. गाडी नीट झाली आता."

"हे तू आठवडाभर सांगतेस. झालं तरी काय होतं तिला?"

पंगत कान देऊन बसली होती. बकुळाने श्वास घेतला आणि सांगून टाकलं, सगळं, गुरवासकट. गोदाताईंना ठसका लागला. त्या पाणी प्यायल्या, त्यांनी डोळे पुसले आणि बकुळाच्या बांगड्याचा कल्ला उचलून पाहिला. लालभडक.

"मालनचा मासा मऊ होता आज," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारी बारशाचं जेवण आहे माझ्याकडे. सुरमई हवी. सकाळी आलीस तर पुन्हा रोजचं तुझं. नाही आलीस तर मला सांगायला येऊ नकोस."

उरलेले बांगडे आणि कोळंबी बाजारात खपेपर्यंत बकुळा मालनसमोरच बसली, आणि दोघींनी एकमेकींची यथास्थित विचारपूस केली. टोपल्या रिकाम्या झाल्यावर बाबल्याने गाडी काढली.

"घरी ना?"

"घरी कसलं? संध्याकाळच्या बोटी लागतील. बंदरावर घ्या, सुरमईच्या लिलावाला."