भिंतीवरचा दादा

साधी चप्पल घ्यायची असली तरी दादा चार दुकानं पालथी घालायचा. दुकानदाराला सरळ विचारायचा, "ही विकून तुम्हाला काय सुटतं?" एकलहऱ्याला वीज केंद्राच्या कॉलनीत तो आमच्या समोर राहायचा. सख्खा भाऊ नव्हे, पण मला गणित त्यानेच शिकवलं आणि टपल्याही त्यानेच मारल्या.

परदेशी शिकायचं ठरलं तेव्हा गंगापूर रोडवरच्या, मुलांना परदेशी पाठवणाऱ्या एजन्स्याही त्याने अशाच पालथ्या घातल्या. "माझ्याकडून पैसे घेत नाही, मग तुमचा पगार कोण देतं?" एका मॅडमनी सांगून टाकलं, ज्या कॉलेजात पाठवतो ते कॉलेज. बाहेर येऊन दादा म्हणाला, "मग ते मला माझ्या सोयीचं कॉलेज कशाला सांगतील?" आणि स्वतःच अर्ज करायला बसला.

पण त्याच्या वडिलांनी एका एजन्सीच्या भिंतीवर आपल्या साहेबांच्या मुलाचा फोटो पाहिला, हातात पासपोर्ट घेतलेला. "साहेब काय येडे आहेत का?" वडिलांपुढे दादाचं कधी चाललं नाही. थोड्याच दिवसांत त्या भिंतीवर त्याचाही हसरा फोटो लागला.

तिकडून त्याने मला लिहिलं, "कॉलेज म्हणजे दुकानावरचे दोन मजले. या डिग्रीला इथे कुणी विचारत नाही. गोदामात खोकी उचलतो. तू आलीस तर स्वतः अर्ज करून ये. त्या ऑफिसची पायरी चढू नकोस."

माझी वेळ आली तेव्हा आई त्याच फोटोखाली उभी राहून म्हणाली, "बघ, आपला दादा." मी मेसेज दाखवला. तिला पटेना. "त्याच्या तोंडून ऐकू दे." घरी येऊन व्हिडिओ कॉल लावला. लेक दिसणार म्हणून त्याची आईही ठेवणीतली साडी नेसून येऊन बसली. दादाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या आईकडे. "चांगली आहे एजन्सी, मावशी. पाठवा तिला."

मला राग नाही आला. त्यानंतर त्याने माझा फोन कधीच उचलला नाही. आज तो कुठल्या शहरात आहे, हेही मला ठाऊक नाही.

आता त्या भिंतीवर त्याच्या शेजारी मी आहे. माझ्या कॉलेजचेही दोनच मजले आहेत. परवा आईचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी कॉलनीतल्या एक बाई आपल्या मुलीला घेऊन बसल्या होत्या. "हिला पाठवायचंय. एजन्सी कशी आहे, तूच सांग." आईच्या चेहऱ्यावर माझं कौतुक मावत नव्हतं. मी आधी त्या मुलीकडे पाहिलं, मग आईकडे.

"बोल ना गं," आई म्हणाली, "थांबल्यात त्या."