सिन्नरकरांचा सुळसुळाट

नाना पेपर कधीच छापलाय तसा वाचत नसत. नाशिक रोडच्या आमच्या चाळीत वर्गणी काढून एकच पेपर यायचा आणि रेल्वेतून निवृत्त झालेले नाना तो सकाळी ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे. कंटाळवाण्या भाषणात ते स्वतःच टाळ्या घालत.

मी घरातला पहिलाच कॉलेजात जाणारा. त्यामुळे नाना मला मुद्दाम विचारायचे, "काय प्रोफेसर, छापलेलं सगळं खरं असतं ना?" मला धड हो म्हणवत नसे, धड नाही. मग तेच सांगत, "चोर आपला असला की पेपर त्याचं नाव देतो. बाहेरचा असला की नुसतं गाव."

एका वर्षी पेपरात परप्रांतीयांच्या चोऱ्यांच्या बातम्या रोज येऊ लागल्या. शेवटच्या खोलीत रामसजीवन राहायचा. उत्तर प्रदेशातला, आम्हा सगळ्यांना दूध घालणारा. चाळीत कुणाची वाटीही हरवली नव्हती, तरी चाळीतल्याच तात्यांनी ठरवलं, की रविवारी मालकाला सांगून त्याची खोली खाली करून घ्यायची. तात्या स्वतः मूळचे जवळच्याच सिन्नर गावचे.

रविवारी सगळे ओट्यावर जमले. नानांनी चष्मा पुसला आणि वाचलं, "शहरात सिन्नरकरांचा सुळसुळाट. सायकल चोरताना एका सिन्नरकराला पकडले. नागरिकांनी सावध राहावे."

तात्या ताडकन उठले. "एकानं सायकल चोरली म्हणून अख्खं सिन्नर चोर काय हो?"

"मला काय विचारता? पेपरात आलंय."

"अहो, माझी आई राहते तिथं!"

"मग त्यांनाही सावध राहायला सांगा."

तात्यांनी पेपर हिसकावला. 'सिन्नरकर' कुठेच नव्हतं. तिथे 'परप्रांतीय' होतं. ते बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले. कोपऱ्यात कॅन विसळणारा रामसजीवन तेवढ्यात म्हणाला, "नानाजी, आज चोरी से हमको छुट्टी दिली!" ओटा हसून लोळला. तात्या पुटपुटले, "खोलीचं पुढं बघू." ते पुढं कधी आलंच नाही.

काही वर्षांनी नाना मुलीकडे जबलपूरला कायमचे निघाले. स्टेशनवर त्यांची ट्रंक रामसजीवनने चढवली. तात्यांनी खिडकीतून हात आत घालून नानांचा हात धरला.

"जपून राहा नाना. तिकडची माणसं कशी असतील, कोण जाणे."

"मलाही तीच काळजी आहे," नाना म्हणाले. "तिथंही एखादा तात्या पेपर ऐकत बसला असेल."