बहिऱ्या कानात आलेली हाक

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा ठेवायला जाणाऱ्यांपैकी मी. पण हे माझ्यासमोर घडलंय, म्हणून लिहितेय.

आमचं गाव पेठ, पुणे-नाशिक रोडवरचं. सासूबाईंचा डावा कान लहानपणापासून वाहायचा, ऐकू येणं जवळजवळ शून्य. मागच्या वर्षी तो इतका ठणकायला लागला की भिंतीला डोकं टेकून बसायच्या. मंचरच्या डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं, "पडद्याला भोक आहे, कानामागचं हाडही सडतंय. औषधानं भागणार नाही. ऑपरेशन करून हाड साफ करू, पडदा नवा बसवू. टाळलंत तर इन्फेक्शन मेंदूपर्यंत जाऊ शकतं."

सासूबाई ऐकेनात. "बहिरा कान त्यो... त्याच्यापायी डोकं कशाला कापून घेऊ?" सासरे, म्हणजे आमचे आण्णा, रोज विनवायचे. उपयोग नाही.

एका दुपारी त्या उजव्या कुशीवर झोपल्या होत्या, चांगला कान उशीत दाबलेला. आण्णा मोटर बघायला विहिरीवर गेलेले, मी शेजारीच लसूण सोलत होते. एकदम उठल्या.

"अगं, आण्णा हाक मारत्यात... हिरीवर चल!"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. विहीर तर दोन वावरं पलीकडे! पण त्या अनवाणी पळाल्या, म्हणून मीही.

आण्णा विहिरीत होते — मोटरच्या पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह बघायला उतरताना पाय घसरलेला, पाइपाला कसेबसे लोंबकळत. मी आरडाओरडा केला. शेजारच्या वावरातली माणसं धावली, दोर सोडून त्यांना वर काढलं.

"हाक मारली म्हनून बरं," सासूबाई रडत म्हणाल्या.

आण्णा बघतच राहिले. "हाक? आवाजच फुटत नव्हता. मनातल्या मनात बोलावलं फक्त."

सासूबाईंनी डाव्या कानावर हात ठेवला. "हितं आली."

आण्णांनी सगळ्यांसमोर त्यांचा तो हात धरला. आमच्या घरात असं कधी होत नाही! "मग ह्यो कान सडू द्यायचा न्हाई. तुला माझी शपथ हाय."

ऑपरेशन झालं. ठणका गेला, कान वाहायचा थांबला, ऐकू येणं मात्र थोडंसंच सुधारलं.

घरी आल्यावर मी विचारलं, "आई, नक्की काय ऐकलं होतं हो?"

त्या चक्क लाजल्या. "माझं नाव. लगीन झाल्यापासनं 'अगं'च्या म्होरं कधी गेलं न्हाईत हे..."

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. डॉक्टरांनाही नाही. आण्णांना विचारलं, तर मान खाली घालून म्हणाले, "नावच घेतलं व्हतं, पोरी. लई येळा."