सुदामरावांची यादी, त्यांच्याच क्रमाने

सुदामराव गांगुर्डे गेल्याचे मला नाशिक रोडच्या बसथांब्यावर कळले, तेही पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेल्यावर. त्यांच्या कचेरीतले एक जुने सहकारी भेटले. "मास्तर, कार्यक्रमाला दिसला नाहीत तुम्ही," ते सहज म्हणाले. आमचे बोलणे कधीचेच थांबले होते.

एकोणीसशे सत्तरनंतरच्या त्या वर्षांत शाळा सुटली की मी पंचवटीतल्या आमच्या गल्लीतले छोटे वाचनालय सांभाळत असे. सुदामराव नाशिक रोडला कारकून होते. दर शनिवारी बसने यायचे आणि धर्मविषयक पुस्तकेच मागायचे. स्वतः बौद्ध, पण त्यांना काहीही वर्ज्य नव्हते. संतांची चरित्रे आमच्याकडून न्यायचे, देवळाली कॅम्पातल्या एका शिंप्याकडून फकिरांच्या गोष्टी आणायचे, दवाखान्यातल्या एका ख्रिस्ती नर्सबाईंकडून साध्वींची आत्मचरित्रे. जे पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून झाले तेवढेच त्यांच्या यादीत जायचे. कोणी मागितली की ही यादी ते स्वतःच्या हाताने उतरवून द्यायचे. तिच्या क्रमाचा नियम एकच होता. एका धर्माच्या पुस्तकामागून लगेच त्याच धर्माचे दुसरे येत नसे. मला दिली तेव्हा म्हणाले, "मास्तर, सुरुवात फकिरांपासून करा."

"का हो? मला काय झालंय?"

"काही नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच भाजी शिजतेय, जरा चव बदला!"

मी हसलो आणि खरोखरच त्या क्रमाने वाचू लागलो. शनिवारी वाचनालय बंद केल्यावर आम्ही पायरीवर बसून वाद घालायचो. एका पुस्तकात पडलेल्या प्रश्नाला पुढचे पुस्तक भलत्याच बाजूने भिडायचे, आणि ते सुदामरावांनी आधीच ओळखलेले असायचे. एवढ्या वर्षांच्या मास्तरकीत मला असे कोणी वाचायला शिकवले नव्हते.

मग वाचनालयाच्या फलकावर वाचनीय धार्मिक पुस्तकांची यादी लावायचे ठरले. मी सुदामरावांची यादी पुढे केली. अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या. "छान आहे. पण सगळी सरमिसळ झालीय. वाचकाला सापडायला नको? धर्मवार लावा." मलाही ते पटले. घरी कात्री घेऊन मी त्यांच्या हातचा कागद कापला, पट्ट्या वेगळ्या केल्या आणि नीट गटागटाने पुठ्ठ्यावर चिकटवल्या. फलक पाहून अध्यक्ष म्हणाले, "मास्तरांनी मेहनत घेतलीय हं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा एक नाव घ्यायचे होते. दोनच शब्द. मी ते घेतले नाही. गांगुर्डे कोण, कुठले, हे प्रश्न आले असते आणि मला ते नको होते. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

पुढच्या शनिवारी सुदामराव फलकासमोर उभे राहिले. स्वतःचे अक्षर त्यांनी ओळखले असणारच. मी नावाबद्दल काहीतरी पुटपुटू लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवले.

"नावाचं राहू द्या, मास्तर. पण गावात असतात तशा आळ्या पाडल्यात की हो तुम्ही यादीत. आणि आमची पुस्तकं कुठे, तर सगळ्यात खाली. वेशीबाहेर."

मी फलकाकडे पाहिले. खरेच, धम्माची पुस्तके तळाशी होती. तसे मी मुद्दाम केले नव्हते, आणि हेच जास्त वाईट होते. माझा हातच तसा चालला होता. सुदामरावांनी हातातले पुस्तक परत केले, पिशवी उचलली आणि ते गेले. पुन्हा आले नाहीत. मीही त्यांच्या घरी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ… आणि वाचक मात्र कित्येक वर्षे माझ्या व्यासंगाचे कौतुक करत राहिले.

गेल्या आठवड्यात शेवटी त्यांच्या घरी गेलो. मुलगी नलिनी शिक्षिका आहे. तिने चहा ठेवला. मी तिला सगळे सांगितले. ती रागावली नाही. "बाबा कधी बोलले नाहीत यातलं," एवढेच म्हणाली आणि आतल्या खोलीत घेऊन गेली. मागून आणलेली कितीतरी पुस्तके त्यांनी पुढे एकेक करून विकत घेतली होती. भिंतीतल्या फळ्यांवर ती ओळीने उभी होती. मी डावीकडून वाचू लागलो. पहिले फकिरांचे. मग धम्माचे, मग संतचरित्र, मग साध्वीचे…

मी वही काढली. आधी वर नाव लिहिले, सुदाम गांगुर्डे, आणि मग एकेक पुस्तक उतरवू लागलो. एकाच्या पाठीवरची अक्षरे पुसट झाली होती, म्हणून ते ओढून काढले. दारातून नलिनी म्हणाली,

"काका, बघा हवं ते. फक्त जिथून काढाल तिथेच ठेवा हं."

"हो बाळ," मी म्हणालो. दोन पुस्तकांमधली ती जागा अजून उघडी होती. नाव उतरवून मी पुस्तक तिथेच सरकवले.