आब्बांचं चघळणं

रमजानच्या आधी पंधरा दिवस आब्बांचं तोंड आपोआप हलायला लागलं. जबडा चघळल्यासारखा फिरायचा, मधेच जीभ बाहेर यायची. त्यांना ते कळायचंही नाही. माझी जीभ तशी तिखट, पण त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

नळदुर्गात त्यांचं शिलाईचं दुकान आहे, माझं सासर दोन गल्ल्या सोडून. रोजे सुरू झाले आणि एका जुन्या गिऱ्हाइकानं थट्टा केली, "मास्तर, भर दुपारी काय चघळताय? यंदा रोजा न्हाय व्हय?" आब्बा हसले. हातातली सुई ठेवून त्यांनी तोंड उघडून दाखवलं. मी दारातच उभी होते. साठी उलटलेल्या बापाला असं तोंड उघडावं लागलं, याचा मला फार संताप आला. त्यानंतर ते मशिदीत जायचे बंद झाले. नमाज घरीच, इफ्तारही घरीच.

मी त्यांना सोलापूरच्या डॉक्टरांकडे नेलं. हे दुसरे डॉक्टर. आब्बांना भलतेच आवाज ऐकू यायचे, त्यासाठी पहिल्या डॉक्टरांच्या गोळ्या बरीच वर्षं चालू होत्या. पुढं झोप उडाली, जीव घाबरा व्हायला लागला, म्हणून दोन वर्षांपूर्वी यांच्याकडे आलो होतो. तेव्हा माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. मुलाचे मामा आपल्या गाडीतून आम्हाला घेऊन आलेले, आमच्यासोबत आतही बसलेले. डॉक्टरांनी विचारलं, आणखी कुठलं औषध चालू आहे का? मी म्हणाले, नाही. वेड्याची पोरगी म्हणून स्थळ मोडलं असतं. मग दोन्हीकडच्या गोळ्या पोटात जात राहिल्या.

या खेपेला मी दोन्ही कागद पुढं ठेवले.

"दोन्ही एकाच जातीची औषधं आहेत, त्यांनीच तोंड असं हलतंय," डॉक्टर म्हणाले. "एक हळूहळू कमी करू. हे हलणं पूर्ण जाईलच, असं नाही."

परतताना एसटीत मला रडू आवरेना. "आब्बा, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"मी शेजारीच बसलो होतो की," ते म्हणाले. "तुझं जमावं म्हणून मी बी गप बसलो." मग रुमाल तोंडाशी धरून म्हणाले, "फकस्त जावयाला म्हण, मशिदीत सांगा म्हणावं. एक बी रोजा सोडला न्हाय म्या."

नवऱ्याला हे सांगायचं, तर गोळ्यांचंही सांगावं लागणार. ईद होऊन गेली. मी अजून सांगितलेलं नाही.