तिसऱ्या मशीनची दीड पानं

मिस्त्री चहाचा कप कीबोर्डपासून हातभर लांब ठेवायचे आणि मग प्यायचे विसरायचे. काम सुरू करण्याआधी चष्मा पुसायचे, संपल्यावर पुन्हा पुसायचे. काम फसलं तर म्हणायचे, "चला, काहीतरी कळलं." जमलं तर काहीच बोलायचे नाहीत, पहिल्यापासून पुन्हा एकदा करून बघायचे. जिना चढताना पायऱ्या मोजायचे. मोजून काय मिळतं, असं कुणी विचारलंच तर म्हणायचे, "कालच्याइतक्याच आहेत, हे मिळतं."

हे सगळं टिपलं होतं वरच्या मजल्यावरच्या मुलीनं. साहित्यात एम. ए. केलेली, एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासणारी, चोवीस वर्षांची. एकदा तिच्या प्रबंधाची फाईल उडाली, ती मिस्त्रींनी परत मिळवून दिली, तेव्हापासूनची मैत्री. ते तिला पंडितबाई म्हणायचे. मग तीही त्यांना मिस्त्री म्हणू लागली, आणि तेच नाव राहिलं.

दिवसा ते विमा कंपनीत नोकरी करायचे. खरं काम त्याआधी, सकाळी, आणि सुट्टीच्या दिवशी. जगभर लोक हौसेनं प्रोग्रॅम लिहितात. पण एका जातीच्या संगणकावर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या जातीवर चालेलच असं नाही. मिस्त्री ज्या अवजारांची, तीही प्रोग्रॅमच, देखभाल करायचे ती अवजारं प्रत्येक जातीसाठी त्याचं वेगळं पॅकेज बांधून द्यायची. घेणाऱ्यानं एक ओळ टाईप करायची, की झालं. आभार क्वचित यायचे. तक्रारी रोज.

"घरातला नळ सहा महिने गळतोय," त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, म्हणायच्या, "आणि समुद्रापलीकडच्या मास्तरचा मेल आला की हे ताटावरून उठतात."

तो मास्तर खरा होता. त्याच्या शाळेत अकरा जुनाट संगणक होते, कुणीतरी टाकून दिलेले. त्या जातीची पॅकेजं बांधणारं जगात एकच मशीन चालू होतं, आणि ते मिस्त्रींच्या खिडकीखाली घरघरत असायचं. त्याचं नाव म्हातारी.

गेल्या वर्षी मिस्त्रींच्या मनानं घेतलं, की हे सगळं आपल्या एकट्याच्या डोक्यात राहू नये.

"मी सांगतो, तू लिही. तू भाषेची माणूस."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच. तुला कळलं म्हणजे कुणालाही कळेल."

दर शनिवारी सकाळी ते सांगायचे, ती लिहायची. तीन जातींची तीन मशीनं, तीन प्रकरणं, शेवटचं म्हातारीचं. मिस्त्री सांगताना पाल्हाळ लावायचे. पहिल्या मशीनला जे सांगितलं तेच दुसऱ्याला, तेच पुन्हा तिसऱ्याला. तिचे हात शिवशिवायचे. तीच ती वाक्यं तिसऱ्यांदा आली की पेन्सिल मारायची, हीच तिची रोजची भाकरी. तिनं तिसऱ्या प्रकरणातली दीड पानं उडवली आणि तिथे एक शब्द ठेवला: वरीलप्रमाणे.

मिस्त्रींनी वाचलं. चष्मा पुसला.

"वाचायला फक्कड झालंय. पण पंडितबाई, म्हातारीचं अगदी तसंच नसतं. आधीचा मसुदा कुठाय?"

"तो मी पुसला. फार गचाळ होता."

"अगं, कच्चा तर कच्चा, आम्हा सगळ्यांच्या सामायिक साठ्यात टाकायचा. तिथे काही पुसलं जात नाही. माझी वीस वर्षांची गाढवं तिथे बांधलेली आहेत, सगळ्यांना दिसतात."

"तुमची लाज गेलीय. माझी आहे अजून."

ते खो खो हसले. "बरं. पुढच्या शनिवारी नीट करू. दहा मिनिटांचं काम."

पुढच्या शनिवारी तिनं निरोप पाठवला, की जमणार नाही. प्रकाशकाचं काम नव्हतं, आजारपण नव्हतं. तिला नुसता कंटाळा आला होता. हे तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

बुधवारी मिस्त्री कचेरीच्या दारात कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. वय सत्तेचाळीस.

तीन आठवड्यांनी मास्तरचा मेल आला. शाळेतल्या संगणकांच्या प्रोग्रॅममध्ये एक धोकादायक भोक सापडलं होतं, बाहेरच्या कुणालाही आत शिरू देणारं. ते बुजवणारं नवं पॅकेज आलं नाही, तर महिनाअखेर अकराच्या अकरा बंद करायचे, असा त्याला वरून आदेश होता. मिस्त्रींबरोबर ती अवजारं सांभाळणाऱ्यांपैकी एक दाढीवाला दूरच्या गावातून म्हातारीला जोडून घेऊन बसला. पंडितबाईचं पुस्तक समोर ठेवून त्यानं पायरीन् पायरी केली. पॅकेज बांधून झालं. मास्तरकडे पोचलं. आणि उघडताक्षणी बंद पडलं. चार वेळा.

"पहिली दोन प्रकरणं सोन्यासारखी आहेत," दाढीवाला पडद्यावरून म्हणाला. "हे तिसरंच असं का? मूळ टिपण असेल ना तुमच्याकडे?"

"नाही."

"साठ्यातही दिसत नाही."

"मी टाकलंच नाही."

त्यानं तिसरं प्रकरण पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. काहीतरी दोनदा करायचं असतं, एवढं तिला आठवत होतं. काय, ते नाही.

महिना संपायला दोन दिवस असताना वहिनींनी तिला खाली बोलावलं.

"यांच्या मशीनवर एक फाईल आहे बघ. मंगळवारची, जायच्या आदल्या दिवसाची. अर्धीच राहिलीय. मला त्यातलं काही कळत नाही, पण वर तुझं नाव आहे."

ती खुर्चीत बसली नाही. उभ्यानंच वाचू लागली. मिस्त्रींचंच गद्य होतं, ना शेंडा ना बुडखा.

"पंडितबाईंसाठी, म्हातारीचं प्रकरण. येईल तेव्हा तिनं भाषा सुधारावी, पण काही गाळू नये.

१. खिडकी उघड. म्हातारी तापते.

२. बाकी दोघींसारखंच सामान उतरवून घे.

३. तपासण्या चालव. दोन फसतील, फसू देत.

४. जुन्या अवजारानं नवं अवजार बांध.

५. मग त्या नव्यानं तेच पुन्हा बांध. पण त्याआधी एक फाईल हातानं काढून टाकायची, नाहीतर सगळं बांधलं जातं आणि चालत काही नाही. ती फाईल"