कागदाविना चार वर्षं

बारामतीच्या जळोचीतल्या त्या दोन खोल्यांत आम्ही चार वर्षं कागदाविना राहिलो. घरमालक शेळगावचे, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. महिन्यातून एकदा एसटीने यायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. भाडेकराराचा विषय ना त्यांनी काढला, ना आम्ही.

मुलीला पहिलीत घालायची वेळ आली. खासगी शाळेत सोडतीनं मिळणाऱ्या मोफत प्रवेशाच्या जागेसाठी अर्ज करायचा, तर बारामतीत राहत असल्याचा पुरावा हवा. आमची आधार कार्डं सासरच्या, डाळजच्या पत्त्यावर. उरला एकच पुरावा : नोंदणी केलेला भाडेकरार, तोही अर्जाच्या आधीच्या तारखेचा. हातात नऊ दिवस होते.

आबांना फोन केला. भाडेकराराचं विचारलं.

"कागद कशाला? मी कधी तुमाला जा म्हणलोय का?"

"नाही आबा. शाळेसाठी हवाय."

"बघू," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढे दोन दिवस त्यांनी फोन उचलला नाही. नवरा म्हणाला, "जास्त मागे लागू नकोस. खोली सोडा म्हणाले तर कुठं जायचं?" मी एका लॅबमध्ये रक्त तपासते. त्या दिवशी एका नळीवर दुसऱ्याच पेशंटचं नाव चिकटवलं. वेळेत लक्षात आलं, म्हणून बदललं.

दुपारी मी करार करून देणाऱ्या एजंटाकडे गेले. तो म्हणाला, "ताई, करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी. नोंदवला नसेल, तर वाद झाल्यावर कोर्ट अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरतं. ते खोटं असल्याचं मालकानं सिद्ध करायचं."

म्हणजे कागद नसण्याचा धोका आबांनाच जास्त होता. मला हायसं वाटायला हवं होतं. पण हे त्यांना सांगायचं कसं? धमकी वाटली तर?

रविवारी मी शेळगावला गेले. आबा ओट्यावर बसले होते. एजंटाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजी तू कोर्टात जाणार हाईस?"

"नाही आबा. कुणालाच जावं लागू नये म्हणून सांगतेय."

पाणी घेऊन आलेल्या काकू, आबांच्या पत्नी, म्हणाल्या, "ह्यांच्या दोस्ताच्या घरात भाडेकरू बसलाय, त्यो निघंना. तवापासनं ह्यांना वाटतंय, कागद केला की घर गेलं."

"त्यांचा कागद झाला होता का?" मी विचारलं.

आबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "न्हाय," ते सावकाश म्हणाले. "सगळं तोंडीच हुतं."

मग म्हणाले, "अकरा महिन्यांचा करू. मुदत सरली की खोली सोडायची, आसं लिवायचं."

अकरा महिन्यांनी कुठं जायचं, ते माहीत नव्हतं. तरी मी हो म्हणाले.

मंगळवारी एजंटाकडं आबांचा अंगठा मशीनवर उमटेना. दोनदा हात धुतले, तिसऱ्यांदा उमटला. नोंदणी झालेली प्रत अर्जाच्या मुदतीच्या आदल्या दिवशी मिळाली आणि सोडतीत मुलीचा नंबर लागला.

पण त्यानंतर आबा आले की मी आधी त्यांचा चेहरा बघायचे. दहाव्या महिन्यात चहा पिता पिता ते म्हणाले, "पुढचा कागद कवा करायचा? त्या एजंटाला इचारून ठिव."

मी त्याच संध्याकाळी विचारून आले.